गरम चहा, गार पाणी आणि दाढेतलं फिलिंग

मृण्मयी_सांगली

दाढ किडली आणि फिलिंग करायचं ठरलं की पेशंट हमखास विचारतो, "पक्कं कुठलं? चांदी की पांढरं?" मी दंतवैद्य आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की पक्केपणाचा प्रश्न नंतरचा. आधी विचारायला हवं ते हे, की दात तापतो, निवतो, दाबला जातो, तेव्हा आत भरलेला माल त्याच्या बरोबरीनं हलतो का? मधोमध दुभंगलेल्या फिलिंगपेक्षा कडेनं सुटलेलं आणि त्या फटीखाली पुन्हा किडलेलं फिलिंग मला कितीतरी जास्त वेळा दिसतं.

तोंडात तापमानाची किती उलथापालथ होते ते बघा. नेहमीचं तापमान ३५-३६ अंश सेल्सिअस. वाफाळता चहा आला की दाढेचा पृष्ठभाग क्षणभर ५० च्या आसपास जातो, बर्फाचा गोळा चोखला की १० च्या खाली उतरतो. प्रयोगशाळेत फिलिंगची परीक्षा घेताना दात आलटून पालटून ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात बुडवतात, ते याच अंदाजानं.

तापल्यावर सगळेच पदार्थ फुगतात, पण सारखे नाही. एका अंशाला दहा लाख भागांत किती भाग वाढ होते, असं मोजलं तर एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, सुमारे ११, त्याखालचं डेंटिन ८ ते ११. दाताच्या कामातला सोन्याचा मिश्रधातू १४. चांदी, म्हणजे पारा घालून केलेलं अमाल्गम, २५ च्या आसपास. पांढरं कॉम्पोझिट २० ते ५०. त्यात काचेची भुकटी जितकी जास्त, तितका आकडा कमी. पूर्वी भरत ते साधं अॅक्रिलिक ८० च्या आगेमागे. आणि ग्लास आयनोमर, ज्याला बरेच जण नुसतं 'सिमेंट' म्हणतात, ते १०-११, म्हणजे जवळजवळ दाताइतकंच.

अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये नेल्सन, वोलकॉट आणि पॅफनबर्गर यांनी १९५२ साली हे डोळ्यांनी पाहिलं. फिलिंग केलेले, काढलेले दात बर्फाच्या पाण्यात गार केले आणि मग कोमट होऊ दिले. फिलिंगच्या कडेनं द्रवाचे बारीक थेंब बाहेर आले. गार झाल्यावर फिलिंग दातापेक्षा जास्त आकसतं, फट पडते, पाणी आत शिरतं. तापल्यावर तेच फिलिंग फुगून पाणी बाहेर ढकलतं. अॅक्रिलिकमध्ये हा प्रकार फार ठळक होता. थेंबाऐवजी लाळ आणि लाळेतले जंतू धरा, म्हणजे कड सुटल्यावर आत काय चालतं ते कळेल.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा. जमेल तशी उत्तरं देते.

उन्हाळी_सोलापूर

ताई, धागा फार उपयोगाचा. पण मग एक कोडं सोडवा. आमच्या आईच्या दाढेत मी शाळेत असताना भरलेली चांदी आहे, अजून शाबूत. मी एका दवाखान्यात पांढरं भरून घेतलं, ते दोन वर्षांत कडेनं किडलं आणि सगळं उकरून परत करावं लागलं. तुमच्या हिशेबानं चांदी दाताच्या दुपटीहून जास्त फुगते. मग ती आधी सुटायला हवी होती ना?

मृण्मयी_सांगली

प्रश्न अगदी नेमका विचारलात. चांदी दाताला चिकटतच नाही. खड्डा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरायचा, त्यात ती ठासून बसवायची, एवढाच तिचा आधार. सुरुवातीला कडेला सूक्ष्म फट असतेच. पण काही महिन्यांत धातूचा कडेचा भाग थोडा गंजतो आणि तो गंज त्याच फटीत साचून ती बुजवतो. आपली फट आपणच बुजवणारं हे एकच फिलिंग. कॉम्पोझिटला ही सोय नाही. त्याची कड एकदा सुटली की सुटली.

शिवाय चांदी भरताना थोडी ओल राहिली तरी पुष्कळदा निभावतं, कॉम्पोझिटमध्ये लाळेचा एक थेंब आत गेला तरी चिकटणं बिघडतं. अर्थात जस्त असलेल्या अमाल्गमला ओलही सोसत नाही. पाण्याशी जस्ताची क्रिया होऊन आत हायड्रोजन तयार होतो आणि तीन-चार दिवसांनी फिलिंग फुगायला लागतं. एका सेंटिमीटरला ४०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उष्णतेचं प्रसरण त्यापुढे काहीच नाही.

चांदीचा खरा तोटा वेगळा आहे. ती उष्णता डेंटिनच्या जवळजवळ चाळीसपट वेगानं वाहून नेते. खड्डा खोल असेल आणि खाली सिमेंटचा थर दिला नसेल तर आइसक्रीमचा पहिला घास थेट नसेला कळतो. खाली दोन मिलिमीटर निरोगी डेंटिन शिल्लक असेल तर मात्र त्याच्यासारखं दुसरं संरक्षण नाही. म्हणून मी कोरताना हात आखडता ठेवते.

धातुकाम_कोल्हापूर

माझं आयुष्य फाउंड्रीत गेलं, दातांचं मला काही कळत नाही, पण मृण्मयीताईंनी आकडे दिले म्हणून कागद-पेन घेऊन बसलो.

फिलिंग ५ मिलिमीटर रुंद धरू. तापमानातला फरक ४० अंश. कॉम्पोझिटचा आकडा ३१ आणि दाताचा ११ धरला तर फरक २०. गुणाकार केला की येतात ४ मायक्रॉन. चांदीचे याच हिशेबानं ३ मायक्रॉनही भरत नाहीत, जुन्या अॅक्रिलिकचे १४ च्या आसपास. जंतू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे ४ मायक्रॉनची फट त्याला दिंडी दरवाजा झाली. कड चिकटलेली असेल तर फट पडणार नाही, पण तेवढाच ताण जोडावर येईल. कॉम्पोझिटचा ताठपणा १० गिगापास्कल धरला तर एका दिशेत ८ मेगापास्कल. एका झटक्यात जोड तोडण्याइतका हा ताण नाही. पण रोज पुन्हा पुन्हा येणारा ताण जोड थकवतो, आणि थकलेला जोड त्याच्या एकवेळच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी ताणाला सुटतो. कास्टिंगमध्ये आम्ही हेच बघत आलो.

दुसरी गोष्ट चांदीची. अमाल्गममधला मुख्य भाग म्हणजे चांदी आणि पाऱ्याचं संयुग, ते १२७ अंशांना विघटित होतं. केल्विनमध्ये ४००. तोंडाचं तापमान ३१० केल्विन. म्हणजे हा धातू जन्मभर त्याच्या वितळबिंदूच्या पाऊणपटीहून वर काम करतो. लोखंडासाठी हेच प्रमाण काढलं तर ११०० अंशांच्या वर जातं. त्या तापमानाला लोखंडावर भार ठेवला तर ते हळूहळू सरकणारच. यालाच क्रीप म्हणतात. दाढेतली जुनी चांदी कडेला बाहेर सरकून तिचा पातळ पापुद्रा होतो आणि चावताना तो मोडतो, तो क्रीपचाच परिणाम असणार. ताई, बरोबर आहे का?

मृण्मयी_सांगली

काका, तंतोतंत. जुन्या, कमी तांब्याच्या अमाल्गममध्ये कथील आणि पाऱ्याचा एक कमकुवत भाग तयार व्हायचा. सरकणं आणि गंजणं, दोन्ही त्याच्यामुळे. कॅनडात १९६३ साली इनेस आणि युडेलिस यांनी तांबं वाढवलेलं मिश्रण केलं. जास्तीचं तांबं कथील अडकवून ठेवतं, त्यामुळे तो भाग जवळजवळ उरतच नाही. क्रीप तपासताना ३७ अंशांना ३६ मेगापास्कल दाब देतात आणि जुन्या मानकात मर्यादा ३ टक्के होती. जास्त तांब्याचं चांगलं अमाल्गम १ टक्क्याच्याही बरंच खाली राहतं. आणि हो, गरम असताना अमाल्गम नरमतं. म्हणून नवीन चांदी भरली की तो दिवस त्या बाजूनं चावू नका आणि कढत काही घेऊ नका असं सांगतो. पूर्ण ताकद यायला चोवीस तास लागतात.

बीडीएस_अंतिम

काकांच्या हिशेबात एक मोठी भर घालायची आहे. कॉम्पोझिट निळ्या लाइटखाली घट्ट होताना आकारमानानं साधारण २ ते ३ टक्के आकसतं. लांबीत सुमारे ०.८ टक्के धरा. ५ मिलिमीटरला ४० मायक्रॉन! चहा-पाण्याच्या ४ मायक्रॉनच्या दहापट. तेही तुम्ही खुर्चीतून उठायच्या आत.

सगळाच आकस ताण होऊन बसत नाही. सुरुवातीला माल मऊ असतो, तेव्हा मोकळ्या पृष्ठभागाकडून तो थोडा ओघळून जुळवून घेतो. पण खड्ड्याचा तळ आणि चार भिंती धरल्या तर पाच बाजू चिकटलेल्या आणि एकच मोकळी. मोकळी बाजू जितकी कमी तितका ताण जास्त, हे डच संशोधक फाइल्झर यांनी १९८७ साली दाखवलं. म्हणून आम्हाला दोन-दोन मिलिमीटरचे तिरके थर द्यायला शिकवतात, एका थरानं समोरासमोरच्या दोन भिंती एकाच वेळी धरायच्या नाहीत. चार मिलिमीटर एकदम भरता येणारे प्रकारही आता मिळतात. पण उन्हाळीताई, घाईत एका दमात भरलेलं साधं कॉम्पोझिट दोन वर्षांत कडेनं किडलं तर नवल वाटायला नको.

धातुकाम_कोल्हापूर

हे मला ठाऊक नव्हतं, आणि आता सगळं चित्र लागलं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात. निवताना ती आकसते आणि चाक आवळून धरते, म्हणजे आकसणं तिथे कामाला येतं. इथे उलट आहे. माल खड्ड्याच्या आत, आणि आकसताना तो भिंतींपासून दूर ओढला जातो. जोड टिकला तर दाताच्या भिंती आत वाकणार, नाही टिकला तर फट.

बीडीएस_अंतिम

हो, भिंती खरंच आत वाकतात, काही मायक्रॉननी, आणि ते मोजलेलं आहे. फिलिंगनंतर चावताना काही दिवस दुखतं त्यामागचं हेही एक कारण मानतात. अवांतर, पण उष्णतेचा फायदाही आहे. कॉम्पोझिटची नळी छोट्या हीटरमध्ये ५५-६० अंशांपर्यंत तापवली की माल लोण्यासारखा पसरतो, कानाकोपऱ्यात बसतो, आणि लाइटखाली त्यातले रेणूही जास्त प्रमाणात जोडले जातात. हीटरमधून काढल्यावर तो झपाट्यानं निवतो, त्यामुळे हात भराभर चालवावा लागतो.

सरळमुद्दा

विषय चांगला आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. मी मटेरियल टेस्टिंगमध्ये आहे. ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात अर्धा-अर्धा मिनिट बुडवणं आणि माणसानं चहा पिणं यात फार अंतर आहे. चहाचा घोट दाढेवर सेकंद-दोन सेकंद टिकतो, लाळ आणि जीभ लगेच तापमान खाली आणतात. कॉम्पोझिट उष्णतेचं मंद वाहक, त्यामुळे आतपर्यंत ४० अंशांचा फरक पोचतच नाही. गेल आणि डार्व्हेल यांनी १९९९ साली अशा चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात प्रत्येक प्रयोगशाळेची तापमानं आणि वेळा वेगळ्या निघाल्या. वर्षाला दहा हजार चक्रं हा त्यांचा आकडासुद्धा अंदाजच होता. प्रसरणांकाच्या तक्त्यावरून फिलिंग निवडू नये, इतकंच म्हणणं आहे.

मृण्मयी_सांगली

आतपर्यंत पूर्ण फरक पोचत नाही हे मान्य. काकांचे ४ मायक्रॉन ही वरची मर्यादा धरावी, प्रत्यक्षात कमीच. पण कड पृष्ठभागावरच असते ना? घोट सर्वात आधी तिलाच लागतो. आतला गाभा ३६ अंशांवर आणि वरचा थर ५० वर, या तफावतीनं ताण वरच्या थरातच एकवटतो, आणि कीडही तिथूनच शिरते. म्हणून मी हा मुद्दा सोडत नाही.

निवड तक्त्यावरून करू नये हे मात्र शंभर टक्के पटलं. तसं असतं तर सगळीकडे ग्लास आयनोमरच भरलं असतं. विल्सन आणि केंट यांचं हे सिमेंट १९७० च्या दशकात आलं. ते दाताशी रासायनिक बंध करतं, फ्लोराइड सोडतं, आणि त्यात पाणी असल्यामुळे तापल्यावर थोडं पाणी बाहेर जाऊन प्रसरण भरून निघतं. डेंटिनही काहीसं तसंच वागतं. पण वाकवणारा ताण आला की ते मोडतं आणि चावून चावून झिजतं. मोठ्या दाढेच्या चावायच्या पृष्ठभागावर एकट्यानं ते पुरं पडत नाही. खाली ग्लास आयनोमर आणि वर कॉम्पोझिट असं दुहेरी भरतात ते यासाठीच.

हिमवाट_विनिपेग

इथे जानेवारीत उणे तीसमध्ये बाहेरून यायचं आणि हातात थेट कॉफी. गेल्या महिन्यात फिलिंग केलं, तेव्हापासून तोंडानं श्वास घेतला तरी दाढ शिवशिवते. गरमानं तेवढं नाही, गारानं मात्र झटकन कळ येते आणि जाते. फिलिंग बिघडलंय का?

मृण्मयी_सांगली

कळ झटकन येऊन लगेच जाते, हे चांगलं लक्षण. डेंटिनमध्ये एक-दोन मायक्रॉन जाडीच्या नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरला हजारो, आणि त्यात द्रव भरलेला असतो. गार लागलं की हा द्रव झटकन बाहेरच्या बाजूला सरकतो, गरम लागलं की सावकाश आत. त्या हलण्यानं नसेचे तंतू चाळवतात. स्वीडनच्या ब्रॅन्स्ट्रॉम यांनी हे मांडलं आणि आजही तेच मानलं जातं. गाराची कळ जास्त तीव्र का, त्याचं उत्तर यातच आहे. फिलिंगखाली कुठे बंध नीट बसला नसेल तर तिथला द्रव जास्त हलतो. दोन-चार आठवड्यांत हे बहुतेक वेळा कमी होतं. तुमचा महिना झालाय, तेव्हा एकदा दाखवून घ्या. थंडीत बाहेर पडताना तोंडावर स्कार्फ घ्या आणि नाकानं श्वास घ्या.

उलट प्रकार मात्र थांबण्यासारखा नसतो. गरमानं ठणका सुरू झाला, तो मिनिटं न् मिनिटं रेंगाळतो, रात्री झोपेतून उठवतो आणि गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं, असं असेल तर नसेला सूज आहे. लगेच जा. दात कोरताना आणि लाइट मारताना आम्हीही उष्णतेला जपून असतो. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर पाहिलं, की नसेचं तापमान ५.५ अंशांनी वाढलं तर सुमारे १५ टक्के दातांची नस मेली. ड्रिलवर पाण्याचा फवारा असतो तो एवढ्यासाठी.

इंदायणी

आमच्या आत्याबाईंनी वर्षानुवर्षं मिश्री लावली. आता दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून खाचा पडल्यात. तिथे भरलेलं फिलिंग सारखं निघतं. डॉक्टर बदलले तरी तेच. तिथे तर चावायचा दाब येत नाही, मग का निघतं?

मृण्मयी_सांगली

दाब वर येतो, पण दात वाकतो मानेशी, म्हणजे हिरडीला लागून. आडवा दाब आला की मानेच्या एका बाजूला ताण आणि दुसऱ्या बाजूला दाब पडतो. तिथे ताठ माल भरला तर दात वाकतो, माल वाकत नाही आणि जोडावर ओढ बसते. म्हणून अशा खाचेत थोडा लवचिक माल किंवा ग्लास आयनोमर मला बरं वाटतं. सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, पण रासायनिक बंधामुळे ग्लास आयनोमर या जागी टिकतं हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. शिवाय वर्षानुवर्षं घासलेलं डेंटिन वरून गुळगुळीत आणि कडक झालेलं असतं, ते थोडं खरवडल्याशिवाय चिकटणारं काहीच नीट बसत नाही. आत्याबाई दात खातात का तेही बघा. आणि मिश्री तंबाखूची आहे, ती दातांपेक्षा तोंडाच्या कॅन्सरसाठी सोडवा. आतून पांढरा चट्टा दिसतोय का, तोंड पूर्ण उघडतंय का, हे फिलिंगच्या निमित्तानं तपासून घ्याच.

ताणाचा विषय निघालाय म्हणून एक सांगते. रीह, मेसर आणि डग्लस यांनी १९८९ साली उपदाढांवर मोजलं. नुसत्या वरच्या खड्ड्यानं दाताचा ताठपणा साधारण २० टक्के गेला. रूट कॅनलसाठी केलेल्या छिद्रानं फक्त ५ टक्के. पण खड्डा दोन्ही बाजूंच्या कडा फोडून आरपार गेला तर ६३ टक्के. रूट कॅनल केलेला दात 'ठिसूळ' होतो म्हणतात, त्यात मोठा वाटा त्या हरवलेल्या कडांचा असतो. अशा दाढेत न चिकटणारी मोठी चांदी भरली तर उरलेल्या भिंती वेगवेगळ्या वाकत राहतात, आणि एखाद्या दिवशी कच्च्या सुपारीचं खांड किंवा चिक्की चावताना एक भिंत हिरडीपर्यंत तडकते. चावून दाब सोडताना टोचल्यासारखी कळ येत असेल तर तडा गेलाय का ते तपासा. अशा दाढेला भिंती झाकणारी कॅप लागते, आणखी एक फिलिंग करून भागत नाही.

उन्हाळी_सोलापूर

आता माझ्या आठ वर्षांच्या लेकीची दुधाची दाढ किडलीये. तिला चांदी की पांढरं?

मृण्मयी_सांगली

चांदी नको. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२२ च्या बैठकीत १५ वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्यासाठी अमाल्गम टाळायचं ठरलं आहे, आणि युरोपीय संघानं तर १ जानेवारी २०२५ पासून त्याचा वापर जवळजवळ बंदच केला. कारण पारा, पण तो मुख्यतः पर्यावरणात जातो म्हणून. आईची जुनी, शाबूत चांदी घाबरून उकरू नका. उकरतानाच वाफ जास्त निघते.

लेकीचा खड्डा लहान असेल आणि ती फार वेळ तोंड उघडून बसत नसेल तर ग्लास आयनोमर. दोन दातांच्या मधली कीड असेल तर स्टीलची कॅप जास्त टिकते, दिसायला चंदेरी असली तरी. ती दाढ पडायला अजून दोन-तीन वर्षं आहेत, तेवढं काम तिच्याकडून करून घ्यायचं आहे. आधी एक्स-रे काढा आणि तिला विचारा, गरमानं दुखतं की गारानं, आणि दुखणं किती वेळ राहतं. मग इथे लिहा.